पाण्याने न धुतले जाणारे

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जैन म्हटले की बहुधा पेढीवरचा शेठ उभा राहतो. कोल्हापूर सोडून पूर्वेला हातकणंगले, शिरोळ करत कृष्णाकाठ गाठला की हे चित्र पुसले जाते. इथला जैन शेतकरी आहे. पाटील, चौगुले, मगदूम ही त्याची आडनावे. पहाटे तो उसाला पाणी पाजायला जातो आणि जाता जाता देवाचे दर्शन घेतो. त्या देवळाला तो बस्ती म्हणतो. कानडी ‘बसदि’वरून आलेला हा शब्द या मातीत सुमारे नऊशे वर्षे मुरला आहे.

त्याची साक्ष कोल्हापुरातच आहे. शुक्रवार दरवाजाजवळच्या जैन मंदिरापाशी शिलाहार राजा विजयादित्याच्या काळातला एक शिलालेख मिळाला. शके १०६५, म्हणजे इ.स. ११४३. सामंत कामदेव याच्या पदरी असलेल्या वासुदेव नावाच्या माणसाने हाविन हेरिलगे या गावी पार्श्वनाथाचे देऊळ बांधले आणि देवाच्या पूजेसाठी, देवळाच्या डागडुजीसाठी आणि तिथे येणाऱ्या मुनींच्या आहारासाठी थोडी जमीन आणि एक घर मिळाले, एवढाच त्याचा आशय. हा वासुदेव राजा नव्हता, सरदारही नव्हता. सरदाराच्या पदरचा माणूसही देऊळ बांधू शकत होता आणि त्याची नोंद दगडावर राहत होती, यावरून त्या काळी हा धर्म समाजात किती खोल उतरला होता ते कळते.

हे दान ज्यांच्या हाती दिले ते माणिक्यनंदी पंडित. त्यांचे गुरू माघनंदी सिद्धांतदेव हे रूपनारायण बस्तीचे आचार्य. ही बस्ती गंडरादित्य शिलाहाराचा सामंत निंबदेव याने कोल्हापुरात उभारली होती आणि राजाच्याच बिरुदावरून तिला नाव दिले होते. तिचे नाव दूरवर पोचले होते. तेरदाळच्या ११२३च्या लेखात माघनंदी आहेत आणि श्रवणबेळगोळच्या ११६३च्या लेखातही कोल्हापूरला तीर्थ करणारे आचार्य म्हणून त्यांचा उल्लेख आहे. निंबदेवाने बाजारपेठेत बांधलेल्या दुसऱ्या एका पार्श्वनाथ मंदिरासाठी ११३५ साली व्यापाऱ्यांच्या श्रेणींनी आपल्या मालावर आपण होऊन कर बसवून घेतला होता. आणि खुद्द गंडरादित्य? त्याने रुकडीला मोठा तलाव खोदवला आणि काठावर शिव, बुद्ध आणि अर्हत अशा तिघांची स्थापना केली. त्याच राजाने आजऱ्याला बांधलेल्या त्रिभुवनतिलक जिनालयात बसून सोमदेव नावाच्या मुनीने १२०५ साली ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ पुरा केला. आजऱ्याच्या पावसात, देवळाच्या ओवरीत, संस्कृत व्याकरणाची टीका लिहिणारा मुनी डोळ्यांपुढे आणून पाहावा. कोल्हापूरच्या इतिहासातले हे चित्र आपण फार कमी वेळा आठवतो.

पुढे सात-आठ वर्षांत यादव सिंघणाने शिलाहार दुसऱ्या भोजाचे राज्य बुडवले. आश्रयदाते गेले. शेतकरी मात्र बस्तीला धरून राहिला. वस्त्रधारी भट्टारकांनी धर्माचा कारभार सांभाळला. कोल्हापूरचा लक्ष्मीसेन मठ आणि नांदणीचा जिनसेन मठ ही त्यांची पीठे. पोथ्या मठांत बंद राहिल्या, पूजा उपाध्यांच्या हाती राहिली, आणि सामान्य जैनाला आपला धर्म सूर्यास्ताआधी जेवणे, कंदमुळे टाळणे, पाणी गाळून पिणे एवढाच उरला. पाणी गाळून पिण्यामागे काय विचार आहे, हे सांगणारे कोणी फारसे उरले नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९०५ साली मुंबईहून निघालेल्या एका इंग्रजी पुस्तकाकडे पाहायला हवे. नाव साधे, ‘ॲन इंट्रोडक्शन टू जैनिझम’. जैन धर्माची ओळख. लेखक अण्णासाहेब लठ्ठे, वय सव्वीस-सत्तावीस, कुरुंदवाडचे, एम.ए. झालेले. त्याआधी सहा वर्षे, ३ एप्रिल १८९९ला, निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली होती आणि विशीतले लठ्ठे तिच्या उभारणीत होते. युरोपात तोवर कित्येक पंडित जैन धर्माला बौद्ध धर्माची फांदी समजत. हर्मन याकोबी यांनी १८८४ साली जैन आगमांच्या भाषांतराला लिहिलेल्या प्रस्तावनेत हा समज खोडून काढला होता. पण एका जर्मन पंडिताने पुराव्याने सिद्ध करणे वेगळे, आणि ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हा धर्म पाळला जातो त्या कृष्णाकाठच्या तरुणाने आपल्या धर्माची ओळख स्वतः करून देणे वेगळे.

काय आहे ही ओळख? इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढची हकीकत याच्याशिवाय कळणार नाही.

जैन धर्मात जग निर्माण करणारा ईश्वर नाही. विश्व अनादि आहे. त्यात जीव आहेत आणि अजीव आहेत. बस्तीत बसलेला तीर्थंकर वर देत नाही, नवसाला पावत नाही. पार्श्वनाथ असोत की इ.स.पूर्व ५२७ साली निर्वाण पावले असे परंपरा मानते ते महावीर असोत, ती माणसे होती, स्वतःला जिंकून पार झालेली. म्हणून ‘जिन’, आणि त्यांच्या वाटेने जाणारा तो जैन. प्रत्येक जीवात तेच सामर्थ्य आहे. मुंगीतही, वाफ्यातल्या पाण्यातही. पाणी गाळायचे ते म्हणून.

मग जीव अडकला कशाने? कर्माने. इतर भारतीय दर्शनांत कर्म म्हणजे कृती किंवा तिचा संस्कार. जैनांनी मात्र कर्माला चक्क पदार्थ मानले, सूक्ष्म रज मानले. ते सगळीकडे आहे. पण चिकटते कोणाला? तालमीतला पैलवान आठवा. कोरड्या अंगावर माती पडली तर झटकून जाते. तेल लावलेल्या अंगावर ती थापून बसते. हे तेल म्हणजे कषाय : क्रोध, मान, माया आणि लोभ. (जैनांची माया म्हणजे कपट, वेदान्तातली माया ती नव्हे.) माती येत राहणे हा आस्रव, ती चिकटणे हा बंध, येणारी थांबवणे हा संवर, चिकटलेली खरवडून काढणे ही निर्जरा, आणि अंग पूर्ण मोकळे होणे हा मोक्ष. सम्यक दर्शन, सम्यक ज्ञान आणि सम्यक चारित्र्य ही त्याची वाट. खरवडायचे ते तपाने. पाण्याने ही माती जात नाही. दिगंबर मुनीच्या अठ्ठावीस मूलगुणांत अस्नान हाही एक गुण आहे : मुनी आंघोळ करत नाही. जी शुद्धी त्याला हवी ती नदीत मिळणारी नाही, हे त्यात गृहीत आहे.

हा मुद्दा लक्षात ठेवावा. कोल्हापुरात एका आंघोळीवरून पुढे बरेच घडले.

व्रते पाच : अहिंसा, सत्य, अचौर्य, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. मुनीसाठी ती महाव्रते, गृहस्थासाठी अणुव्रते, म्हणजे संसाराला झेपतील एवढी. यातच कोल्हापूरच्या शेतकऱ्याचे उत्तर आहे. नांगराच्या फाळाखाली किडे मरतात. मग शेतकरी जैन कसा, असे बाहेरचे लोक आजही विचारतात. जैन शास्त्रांनी हिंसेचे चार प्रकार केले. ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात घडणारी ती आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यात घडणारी ती उद्योगी, आणि स्वतःचे किंवा दुबळ्याचे रक्षण करताना घडणारी ती विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची; बाकीच्या जपून, कमीत कमी होतील अशा करायच्या. हा हिशेब प्रामाणिक आहे असे मला वाटते. तो शेतकऱ्याला निर्दोष ठरवत नाही, पण त्याला धर्माबाहेरही काढत नाही.

राहिला अनेकान्त. सत्याला अनेक अंगे आहेत आणि एका वेळी एकच अंग बोलता येते, म्हणून विधानाला ‘स्यात्’ जोडायचे. स्यात् म्हणजे कदाचित नव्हे. स्यात् म्हणजे ‘या बाजूने पाहिले तर’. प्रयाग चिखलीच्या माणसाला विचारा, तो म्हणेल पंचगंगा इथे सुरू होते. नृसिंहवाडीचा माणूस म्हणेल, इथे ती संपते. दोघे खरे बोलतात. लठ्ठे यांचे कुरुंदवाड तर त्या संगमाच्या शेजारीच आहे. नदीचे संपणे आणि कृष्णा होऊन पुढे वाहणे त्यांनी लहानपणापासून पाहिले असणार.

पुस्तकापेक्षाही जैन सभेला निकड होती ती शाळा शिकणाऱ्या मुलांची सोय करण्याची. खेड्यातला जैन मुलगा कोल्हापूरला आला तर राहणार कुठे, जेवणार कुठे? राजर्षी शाहू महाराजांनी याच सुमारास जातीजातीच्या वसतिगृहांना जागा आणि पैसा द्यायला सुरुवात केली होती. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. जुन्या धर्मात चार दाने सांगितली आहेत : आहार, औषध, शास्त्र आणि अभय. शिलाहारकाळात वासुदेवाच्या देवळाला मिळालेले दान मुनीच्या आहारासाठीही होते. आता तेच दान वसतिगृहातल्या मुलाच्या ताटात पडू लागले. सभेने शास्त्रदानाचा अर्थ शिक्षण असा लावला, आणि तो अगदी योग्य लावला.

त्या बोर्डिंगात राहायला आलेला एक मुलगा म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म २२ सप्टेंबर १८८७चा, बाहुबलीच्या डोंगराखालच्या कुंभोज गावचा. अंगाने दणकट, स्वभावाने हट्टी, अभ्यासात बेताचा. वसतिगृहाची व्यवस्था लठ्ठे यांच्याकडे होती. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आले की आधी आंघोळ कर, मग भोजनगृहात पाऊल टाक. भाऊरावांनी आंघोळ करायला नकार दिला. माणसाच्या शेजारी बसून आल्याने आपण बाटलो हे त्यांना कबूल नव्हते. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

लठ्ठे काही सनातनी नव्हते. जैन समाजातल्या सुधारणेचे ते अग्रणी होते, पुढे ब्राह्मणेतर चळवळीत शाहू महाराजांचे सहकारी राहिले. पण सोवळे-ओवळे हे त्या काळी हवेसारखे सगळीकडे होते, आणि दक्षिणेतल्या जैनांनी शतकानुशतके शेजाऱ्यांचे संस्कार, मुंज, जातींची उतरंड हे सगळे आपल्या घरात आणून ठेवले होते. ज्या धर्मात कर्माची माती पाण्याने जात नाही, ज्याचा मुनी आंघोळ करत नाही, त्या धर्माच्या नावाने चालणाऱ्या घरात शुद्धीसाठी आंघोळीचा नियम! या प्रसंगात त्या विशीतल्या, परीक्षांत मागे पडणाऱ्या मुलाला धर्म जास्त कळला होता, असे म्हणताना मला संकोच वाटत नाही. पोथी त्याने किती वाचली होती हा प्रश्नच वेगळा.

शाहू महाराजांनी त्या मुलाला आपल्याकडे ठेवून घेतले. गोष्ट इथेच संपती तर ती एका बंडखोर मुलाची आणि एका उदार राजाची गोष्ट झाली असती.

१९१४ साली कोल्हापुरात सातव्या एडवर्ड बादशहाच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. संस्थान हादरले, ब्रिटिश सरकारला उत्तर द्यायचे होते आणि गुन्हेगार हवा होता. संशयाची सुई लठ्ठे यांच्याकडे वळवण्यात आली. दरबारी राजकारणात त्यांचे विरोधक कमी नव्हते. पण पुरावा नव्हता. तेव्हा भाऊरावांना गाठण्यात आले. हा तर लठ्ठ्यांनी बाहेर काढलेला मुलगा. याच्या मनात राग असणारच. लठ्ठ्यांनीच हे करवले एवढी साक्ष दे, बस्स.

भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायला नकार दिला. मग त्यांनाच त्या प्रकरणात गोवून तुरुंगात टाकण्यात आले. मारहाण झाली. धमक्या झाल्या, आमिषे झाली. एक वेळ अशी आली की छळाखाली आपल्या तोंडून खोटे निघेल या भीतीने त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. जैन धर्मात आत्मघाताला जागा नाही. सल्लेखना ही शांत चित्ताने, अन्नपाणी पायरीपायरीने सोडत, गुरूच्या आज्ञेने घेतलेली वेगळी वाट आहे, आणि कोठडीत घडले ते तसे नव्हते. तो एका तरुण माणसाचा आकान्त होता. पण त्या आकान्तातही साक्ष बदलली नाही. अखेर ते सुटले.

सत्य अणुव्रताची शास्त्रातली व्याख्या करताना कूटसाक्ष, म्हणजे खोटी साक्ष, हा दोष सांगितला जातो. त्या व्याख्येवर कोल्हापूरच्या कोठडीत असा प्रयोग झाला. ज्याच्याविरुद्ध खोटे बोलायचे होते त्याच्यावर भाऊरावांचे प्रेम असते तर गोष्ट सोपी होती. ते नव्हते, म्हणून ती गोष्ट मोठी आहे.

याच सुमारास आजऱ्याजवळच्या उत्तूरला आणखी एक माणूस वेगळ्या वाटेने निघाला. भोज गावचा सातगोंडा पाटील, चाळिशी गाठलेला शेतकरी. देवेंद्रकीर्तींकडून त्याने क्षुल्लक दीक्षा, म्हणजे मुनिपदाच्या अलीकडची दीक्षा, घेतली. १९२० साली मुनिदीक्षा घेऊन तो शांतिसागर झाला. अनेक शतके जवळजवळ लोपलेली दिगंबर मुनींची परंपरा या शेतकऱ्याने पायी चालत दिल्लीपर्यंत पुन्हा नेली आणि १९५५ साली कुंथलगिरीला छत्तीस दिवसांच्या सल्लेखनेनंतर देह ठेवला. सोमदेव मुनीच्या आजऱ्यापासून उत्तूर किती जवळ! त्या तालुक्यातल्या कुठल्या शाळेत हे दोघे शिकवले जातात की नाही, याची मला मनापासून काळजी वाटते.

भाऊरावांना कोल्हापूर सोडावे लागले. पोटासाठी त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. अहिंसेच्या घरातला हा मुलगा नांगर घेऊन गावोगाव फिरला, आणि त्या फिरस्तीत शेतकऱ्याच्या घरातले अज्ञान त्याने जवळून पाहिले. लठ्ठे बेळगावला गेले, वकिली केली, मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. पण माझ्या लेखी त्यांचे सर्वांत मोठे काम १९२४चे. ज्या संस्थानात त्यांच्यावर बालंट आले त्या संस्थानच्या राजाचे, शाहू महाराजांचे, दोन खंडांतले पहिले मोठे चरित्र त्यांनी इंग्रजीत लिहिले. महाराज जाऊन दोन वर्षे झाली होती, खुशामतीचे कारण उरले नव्हते. स्वतःला पोळलेल्या माणसाने पोळणाऱ्या काळाची दुसरी बाजूही लिहावी, याला मी अनेकान्त म्हणेन.

मधल्या काळात मार्च १९२०मध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. तरुण डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष, शाहू महाराज पाहुणे, आणि परिषद भरवण्यात पुढाकार गावच्या जैन पाटलाचा, आप्पासाहेब दादगोंडा पाटील यांचा. बोर्डिंगातल्या त्या आंघोळीच्या प्रसंगाला बाराच वर्षे झाली होती.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ला कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्याला त्यांचे वसतिगृह सुरू झाले. तिथे महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एकत्र राहत, स्वतःच्या हाताने रांधत आणि एका पंगतीला जेवत. शेजारी कोण बसला म्हणून कोणाला आंघोळ करावी लागत नसे. २५ फेब्रुवारी १९२७ला महात्मा गांधी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाचे नामकरण झाले. कोल्हापूर संस्थानच्या तुरुंगात मार खाल्लेल्या भाऊरावांनी नाव निवडले होते : श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस.